चंद्रावरची चूल

फार वर्षांमागची गोष्ट आहे. किती वर्षं ते विचारू नका, मोजायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं. तेव्हा चंद्र आतासारखा लांब नव्हता. रोज अख्खा उगवायचा आणि दिवेलागणीला पूर्वेच्या डोंगराला पोट घासून पुढे जायचा. डोंगरावर गुरं चारणाऱ्यांनी त्याला हात लावलेला होता. खडबडीत लागतो म्हणायचे, आणि गार.

लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका, कारण यातली खोड लहानांची नाही.

त्या डोंगराखाली एक राज्य होतं. राज्य म्हणजे काय, एक नदी, नदीकाठची वस्ती आणि एक राजा. माणसं वाढत होती, जमीन तेवढीच होती. भाऊ वेगळे निघाले की शेतात बांध पडायचा. बांधाशेजारी बांध पडून शेतं इतकी चिंचोळी झाली होती की बैल वळवला तर त्याचं तोंड चुलत्याच्या पिकात जायचं. मग भांडण.

एक दिवस राजानं सगळ्यांना डोंगराच्या पायथ्याशी बोलावलं.

"चंद्र रोज दाराशी येतो," राजा म्हणाला. "त्याच्यावर मातीच माती आहे. आपण त्याला दावं लावू. गाय बांधतो तसा बांधू. मग तिथं एक घर बसवू. ते जगलं तर आणखी बसवू. आपल्या नातवंडांना बांधावरून डोकी फोडायला नकोत."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिच्या घरात ती आणि तिचा एक नातू, एवढीच माणसं.

"राजा, त्या घराला खायला कोण घालणार?"

"पीक येईपर्यंत आपण सगळे घालू, आजी."

"म्हणजे माझ्या नातवाच्या ताटातलं काढून चंद्रावर धाडू? आधी इथली पोटं भर. मग वर बघ."

लोक हसले. मला विचाराल तर हसण्यासारखं काही नव्हतं. ज्याच्या ताटातलं मागायचं, त्यानं हे विचारलंच पाहिजे.

राजा तेव्हा शहाणा होता. तो म्हणाला, "ज्याच्या घरी चूल पेटली नाही, त्यानं काही देऊ नये. त्याला कोणी विचारणारही नाही. ज्याच्या घरी पेटली, त्यानं दर बाजाराच्या दिवशी ओंजळभर ज्वारी, तांब्याभर पाणी आणि एक लाकूड द्यावं. आणि दाव्यासाठी प्रत्येक घरानं अंबाडीचा एक पेड वळून द्यावा."

म्हातारीनं राजाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "मला पटलेलं नाही. पण पेड देते. ज्वारी असली तर देईन, नसली तर तोंडावर नाही म्हणेन."

"म्हण," राजा म्हणाला.

असं ते ठरलं. घराघरानं अंबाडी कुजवली, सोलली, मांडीवर घासून पेड वळला. सगळे पेड एकत्र पिळून दावं झालं. ते इतकं जाड होतं की दोन माणसांच्या कवेत मावत नव्हतं. दाव्याचं एक टोक डोंगरमाथ्यावरच्या खडकाला बांधलं आणि दुसरं, चंद्र घासून जात होता तेव्हा, त्याच्या एका सुळक्यात अडकवलं. चंद्रानं दोन हिसडे दिले आणि निवला. त्यानंतर दाव्यातली गाय चरते तसा तो डोंगराभोवती चरायचा आणि दिवेलागणीला माथ्याशी यायचा. दावं किती लांब होतं असं विचारतात पोरं. पुरेल इतकं लांब होतं.

आता जायचं कोणी? राजानं विचारलं तेव्हा सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. हे ध्यानात ठेवा. त्या दिवशी कोणालाच जायचं नव्हतं.

वस्तीत दोन जावा होत्या, एका चुलीवर राबणाऱ्या. धाकटी परकरात असताना त्या घरात आली होती. थोरलीनंच तिला भाकरी थापायला शिकवलं होतं. दोघींच्या नवऱ्यांत जमीन एवढीशी, आणि ती वाटायची वेळ आली होती. धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं तिच्याकडे.

"आम्ही जातो," धाकटी म्हणाली.

थोरलीनं कपाळाला हात लावला. "अगं मेले, डोकं फिरलं का तुझं? तिथं ना झाड ना पाखरू."

"आपण लावू झाडं, अक्का. इथं राहिलो तर उद्या तुमचे नि आमचे एकमेकांच्या उरावर बसतील."

त्या लोकांची एक रीत होती. घर वेगळं झालं की नवी चूल जुन्या चुलीच्या निखाऱ्यानं पेटवायची, आणि नव्या घरी पहिलं पीक आलं की त्यातली पहिली कणसं निखारा देणाऱ्या घरी न्यायची. थोरलीनं खापरात निखारे घातले, वर राख पसरली. आपला हिरवा खण फाडून धाकटीच्या पदराला बांधला. डोळे पुसले आणि म्हणाली,

"रोज दिवेलागणीला तिथं जाळ कर. मला इथून दिसला की मी समजेन, माझी पोर आहे. नाही दिसला तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

"करीन, अक्का. काहीही झालं तरी करीन."

धाकटी नवऱ्याला घेऊन वर गेली. त्याच संध्याकाळी चंद्रावर ठिणगीएवढा उजेड दिसला. थोरली अंगणात उभी राहून रडली आणि हसली आणि मग जेवली.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. गोष्ट इथंच संपली असती तर मी सांगितलीच नसती.

झालं काय, की लोकांना धाकटीचं वेड लागलं. बायका जात्यावर तिच्या ओव्या गाऊ लागल्या. दारापुढच्या रांगोळीत चंद्र आला, चंद्रात चूल आली. मुलगी झाली की तिला धाकटीचं नाव. वस्तीत लग्न निघालं की मानाचं पहिलं कुंकू थोरलीला लागायचं, कारण तिचं घर जुनं. आता पुरोहित पहिली चिमूट आभाळाकडे उडवायचा, धाकटीच्या नावानं. थोरली कपाळ पुढे करून बसायची आणि कुंकू डोक्यावरून जायचं.

लोक भेटले की विचारायचे, "काय म्हणते तुमची जाऊ?"

तुम्ही कशा आहात, असं कोणी विचारायचं नाही.

एकदा पाणवठ्यावर शेजारीण घागर घासता घासता म्हणाली, "काय बाई नशीब एकेकीचं. ना शेण काढायचं ना सासू बघायची. बसल्या जागी ज्वारी वर, पाणी वर, लाकूड वर."

थोरलीनं भरलेली घागर उचलली आणि ती घरी निघाली. पण ते वाक्य तिच्या पोटात गेलं आणि तिथंच राहिलं.

त्या संध्याकाळी तिनं वर पाहिलं. जाळ दिसला. रोजच्यासारखाच होता. तिला मात्र तो मोठा वाटला.

"रोज एवढा जाळ कशाला लागतो?" ती नवऱ्याला म्हणाली.

"तूच सांगितलं होतंस ना, कर म्हणून?"

"मी दिवा लावल्याएवढा म्हटलं होतं. हा बघा केवढा! काहीतरी शिजतंय तिथं."

"माणसं आहेत. शिजवणारच."

"आपल्या लाकडावर," थोरली म्हणाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं दाव्यावरून चंद्रावर जाणाऱ्या टोपलीत ओंजळ रिकामी केली, पण बोटं फाकवून. लाकूड दिलं ते ओलं, कालच तोडलेलं. सुकं तिनं घरात ठेवलं. शेजारणीनं ते बघितलं. तिनंही ओलं दिलं. एकीचं बघून दुसरीनं, दुसरीचं बघून तिसरीनं. चूल सगळ्यांच्या घरी पेटत होती बरं का. कणगीत ज्वारी होती. उपाशी कोणी नव्हतं. उपाशी राहून नाही म्हणाले असते तर मी त्यांच्या बाजूनं भांडलो असतो.

आता ओलं लाकूड जाळलं की काय होतं? धूर होतो. चंद्रावरून धुराचा लोट निघाला. खालून बघणाऱ्यांना तो ढगाएवढा दिसला.

"बघा, बघा! वडे तळतायत."

"वडे कसले, पुरणाचा घाट आहे. वास येतोय मला."

"आम्ही इथं कोरडी भाकर खायची आणि यांचं वर रोज सणवार!"

जितकं ओलं लाकूड जाई, तितका धूर वाढे. जितका धूर वाढे, तितकं लाकूड आणखी ओलं जाई. शहाण्या माणसाला कळलं असतं. पण पोटात कोळसा धुमसत असला की डोळ्यांनाही धूरच दिसतो.

त्या डोंगरावर एक म्हातारी घार राहायची. तिला वर जाता येत असे. लोक तिला विचारायला गेले.

"घारूबाई, त्यांची चूल पेटते का गं?"

"पेटते की. रोज पेटते."

"जाळ मोठा असतो का?"

"मोठा असतो. करता येईल तितका मोठा करते ती."

"ऐकलंत?" शेजारीण ओरडली. "करता येईल तितका मोठा!"

आणि सगळे डोंगर उतरले. घार त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आणखी काही विचारतील म्हणून ती थांबली होती. कोणी विचारलं नाही.

मग सगळे राजाकडे गेले. म्हातारीही गेली, काठी टेकत.

"महाराज, आम्ही यापुढे काही देणार नाही," थोरली म्हणाली.

"कोणाच्या घरी चूल बंद आहे?" राजानं विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

"मग?"

"मग काय? आम्ही मातीत मरायचं आणि तिनं आभाळात बसून आमचं खायचं? ती माझ्याहून काय शहाणी आहे? भाकरी थापायला मी शिकवलंय तिला!"

राजानं ठणकावून सांगायला हवं होतं. पण राजाच्याही मनात एक काटा होता. पूर्वी त्याच्या नावाचे पोवाडे व्हायचे. हल्ली शाहीर आला की आधी चंद्रावरच्या जोडप्याचं गायचा आणि राजाची पाळी येईपर्यंत लोक उठून जायचे. राजानं मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "दावं लोकांचं आहे. लोकांनी बघावं."

राजाला जेव्हा काही करायचं नसतं आणि झालं तर बरं असं वाटत असतं, तेव्हा तो असंच बोलतो.

"त्यांना खाली आणा आणि मग काय ते करा," म्हातारी म्हणाली.

"बंद केलं की येतील आपोआप," शेजारीण म्हणाली. "भुकेनं उतरतील. बघू तरी कशा उतरतात ते."

सगळ्यांना तेच बघायचं होतं. ज्वारी वाचवायची नव्हती कोणाला. धाकटीला मान खाली घालून डोंगर उतरताना बघायचं होतं.

टोपली जायची बंद झाली. बाजाराचा दिवस आला, गेला. पुन्हा आला, गेला. कोणी उतरलं नाही. आणि दिवेलागणीला जाळ दिसतच राहिला.

थोरलीचं डोकं फिरलं. "आपण देत नाही तरी जाळ! म्हणजे साठवून ठेवलंय! आपण मूर्ख!"

ती तरातरा डोंगरावर गेली. खडकाशी दाव्याच्या गाठीपाशी घराघराचे पेड वेगवेगळे दिसत होते, ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा गुंडाळलेले. थोरलीनं आपला हिरव्या दोऱ्याचा पेड शोधला, पीळ उलगडला आणि ओढून काढला.

"माझा होता, मी नेते. म्हैस बांधीन त्यानं."

शेजारणीनं विचार केला, हिचा गेला तर माझा कशाला ठेवू? एवढं जाड दावं, एका पेडानं काय होणार आहे? तिनं आपला काढला. मग तिच्या दिरानं. मग खालच्या आळीनं, मग वरच्या. जो तो म्हणे, बाकीच्यांचे आहेत ना अजून. आपला पेड खांद्यावर टाकून माणसं डोंगर उतरत होती. चेहरे असे की लढाई जिंकून आलेत.

शेवटी खडकाला एकच पेड राहिला. तो म्हातारीचा होता.

"आजी, काढा तुमचाही," लोक म्हणाले. "तुम्हाला तर पहिल्यापासून पटलं नव्हतं."

"पटलं नव्हतं, आणि ते मी राजाच्या तोंडावर बोलले," म्हातारी म्हणाली. "पण दिलेला पेड मी काढत नसते. वर माणसं आहेत."

एका पेडावर चंद्र किती वेळ राहणार?

दिवेलागण झाली. चंद्र माथ्याशी आला. त्यानं मानेला जरा झटका दिला, रोज द्यायचा तसाच. म्हातारीच्या पेडाचा धागा न् धागा ताणला गेला. म्हातारी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळली. मग तो तुटला, आणि म्हातारी खडकावर आपटली. दाव्यातून सुटलेली गाय आधी दोन पावलं टाकते, मोकळी आहे का ते बघते आणि मग उधळते. चंद्र तसाच आधी हळू सरकला आणि मग वर, वर, वर गेला.

तुटलेल्या पेडाबरोबर वरून एक टोपली खाली आली. ती कोणीतरी नुकतीच खाली सोडली होती. टोपलीत हिरव्या खणाचं गाठोडं होतं.

थोरलीनं खण ओळखला. गाठ सोडली. आत ज्वारीची कणसं होती. दाणा बारीक होता, पण भरलेला होता. चंद्राच्या मातीतलं पहिलं पीक, आणि रीतीप्रमाणे पहिली कणसं, निखारा देणाऱ्या घरी.

थोरलीनं वर पाहिलं. घार खडकावर येऊन बसली होती.

"घारूबाई," थोरली म्हणाली, "त्या चुलीवर काय शिजायचं गं?"

"आत्ता विचारलंस," घार म्हणाली. "काही नाही शिजायचं."

"मग एवढा जाळ?"

"तूच तिला शिकवलंस ना भाकरी करायला? मग तुला माहीत पाहिजे. भाकरी भाजायला निखारा लागतो, थोडा थोडा, जपून. लांबून दिसायला जाळ लागतो. एका लाकडात दोन्ही होत नाही. ती रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या वाट्याचं सगळं लाकूड, टोपली थांबल्यावर खोपटाचे वासेसुद्धा, एकदम पेटवायची, करता येईल तितका मोठा जाळ करायची आणि विझला की दोघं पाण्यात पीठ कालवून प्यायची. नवरा म्हणायचा, एक दिवस भाकरी कर. ती म्हणायची, नको, अक्का जेवायची थांबली असेल."

थोरलीनं कणसं पदरात घेतली.

"खाली का नाही उतरली मग? टोपली बंद झाली तेव्हा?"

"कणसं भरायची होती," घार म्हणाली. "हिरवी टाकून कशी येईल? तुझ्यासाठी होती."

थोरलीनं घरून आपला पेड आणला. बाकीचेही धावले, ज्याचा त्याचा पेड घेऊन. सगळ्यांनी पुन्हा दावं वळलं, पहिल्याहून जाड वळलं. राजानंही हात लावला. पण बांधायचं कशाला? चंद्र कुठल्या कुठे गेला होता.

त्या संध्याकाळी जाळ दिसला. दुसऱ्या संध्याकाळीही दिसला, पण टाचणीच्या टोकाएवढा. मग रोज लहान होत गेला. आणि मग एका संध्याकाळी सगळे अंगणात उभे राहिले आणि काही दिसलं नाही. विझला, का लांब गेला, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. घारही तिथपर्यंत जाऊ शकली नाही.

खोऱ्यात पुढे बांधावर बांध पडत राहिले. भावांनी भावांची डोकी फोडली. ती कणसं राजवाड्यात जपून ठेवली होती, पण पेरायला जागा राहिली नव्हती. थोरली मरेपर्यंत रोज दिवेलागणीला अंगणात लाकडं रचायची आणि करता येईल तितका मोठा जाळ करायची. सुनांनी तवा आणला तर म्हणायची, "ह्यावर काही ठेवू नका. हा दिसण्यासाठी आहे." आणि स्वतः पीठ कालवून प्यायची.

चंद्रावर जो काळा डाग दिसतो, त्याला तुम्ही ससा म्हणता, हरीण म्हणता. ससा कुठला आलाय तिथं. धाकटीच्या चुलीची काजळी आहे ती, आणि आपण दिलेल्या ओल्या लाकडांची.

म्हणून सांगतो: नाही म्हणायचं तर आपल्या रिकाम्या पोटाकडे बघून खुशाल म्हणा, दुसऱ्याच्या चुलीचा जाळ बघून कधी म्हणू नका.